भरायला अवघड बंदूक भरलेलीच राहते



भात झोडून झालं, गवत रचून झालं, आता जरा टेकायला वेळ आहे. गेल्या हिवाळ्यातली एक नोंद वहीत तशीच पडून होती. विषय बंदुकीचा, म्हणून लिहू की नको असं करत दिवस गेले. आपण इथे करपा, तुडतुडे, काजूवरचा ढेकण्या यांच्यावर बोलतो. डुकरांवर तर दर पावसाळ्यात बोलतो. पण त्या डुकरांसाठी घरात टांगून ठेवलेल्या बंदुकीबद्दल कोणी अक्षर काढत नाही. कृषी खात्याची मंडळीही काढत नाहीत. म्हणून आज लिहितोच.

गेल्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी मुलीकडे टेक्सासला होतो. सॅन अँटोनिओच्या वायव्येला हिल कंट्री म्हणतात तो भाग. नाव ऐकून हिरवेगार डोंगर डोळ्यांपुढे आणू नका. चुनखडीचा खडक, वर वीतभर माती, ओकची खुरटी झाडं. आपला सडा बघितलेल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. जावयाच्या घराला लागून एका म्हाताऱ्याची रँच आहे. गाई, थोड्या शेळ्या, आणि हिवाळ्यात जनावरांना चरायला पेरलेलं ओट. वय पंचाहत्तरच्या पुढे, हाताची बोटं संधिवाताने वाकडी, पण पहाटे पाचला उठून कामाला. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात. तरी शेतकऱ्याचं शेतकऱ्याशी जमतंच.

त्याच्या ओटात पहिल्या दिवशी गेलो आणि हसूच आलं. डुकरांनी उकरलेलं रान सगळीकडे सारखंच. रात्रीत नांगर फिरवल्यासारखं. तिथली रानडुकरं मूळची तिथली नव्हेत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं सुटली, रानटी झाली, पुढे शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून आणलेली रानडुकरं त्यांच्यात मिसळली. आता सरकारच त्यांना कंटाळलं आहे. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुक्कर मारायला शिकारीचं लायसनसुद्धा लागत नाही. आपल्याकडे रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं, वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. दोन्हींची तुलना करून इथे वाद घालत बसू नका. तो वेगळा विषय आहे.

म्हाताऱ्याच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे एक रायफल असायची. थर्टी-थर्टीची, लिव्हरची. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याच्या वडिलांनी घेतलेली जुनी आहे. सिनेमात घोड्यावरच्या माणसाच्या हातात असते तीच जात. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चापाच्या भोवती जी कडी असते तीच खाली लांब होऊन हाताची मूठ मावेल एवढा फास झालेला असतो. तो खाली ढकलला की वापरलेलं काडतूस बाहेर पडतं आणि घोडा चढतो. वर ओढला की नवीन काडतूस नळीत जातं. काडतुसं ठेवायला नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. तिच्यात ती एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी. म्हणूनच या रायफलीच्या गोळीचं नाक पूर्वीपासून चपटं असतं. टोकदार ठेवलं तर मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं केपेला टेकणार. एक धक्का बसला तर विचार करा.

आता ही खालची नळी भरायची कशी, हाच आजचा विषय.

१८६० साली हेन्री नावाची पहिली गाजलेली लिव्हर रायफल आली, तिच्यात सोळा काडतुसं मावायची, पण ती भरायची पुढच्या टोकाकडून. आतली स्प्रिंग खालच्या फटीतल्या बोंडाने पुढे सारायची, तोंडाजवळचा तुकडा फिरवायचा आणि मग एकेक काडतूस आत सोडायचं. हात नळीच्या तोंडापाशी. खालून लांबच लांब फट, तिच्यातून माती-कचरा आत. आणि गोळ्या झाडता झाडता ते बोंड मागे मागे सरकत यायचं आणि पुढच्या हाताच्या बोटांना अडायचं. सहा वर्षांत त्यावर उपाय निघाला. नेल्सन किंग नावाच्या माणसाने उजव्या कुशीत एक स्प्रिंगची झडप बसवली. काडतुसाने झडप दाबायची, काडतूस आत सारायचं, झडप आपोआप मिटते. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये ती आली आणि आजही थोड्याफार फरकाने तीच चालू आहे. मोठीच सुधारणा होती. खालची फट गेली, हात नळीच्या तोंडापासून लांब आला, अर्धी रिकामी झालेली रायफल मध्येच भरता यायला लागली.

पण अंगठ्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. झडप पोलादी पत्र्याची, तिची धार अंगठ्याच्या पेराला लागते. स्प्रिंग ताठ. काडतूस पूर्ण आत जाईपर्यंत अंगठा झडपेच्या आत ढकलावा लागतो आणि मग तो बाहेर काढताना झडप नखाजवळची कातडी धरते. एक-दोन काडतुसांना काही नाही. सहावं भरताना आतली स्प्रिंगही दाबलेली असते, जोर दुप्पट लागतो. त्यात थंडी. जानेवारीत तिथे पहाटे पाणी गोठतं. गारठलेलं बोट, वाकडी पेरं आणि पत्र्याची धार. म्हाताऱ्याच्या उजव्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी असायची. मला वाटलं तारेने कापलं असेल.

त्याच्या गाडीत त्याचा सात-आठ वर्षांचा नातू असायचा. शाळा नसली की आजोबाबरोबर. एकदा कुंपणाचा खांब बघायला आम्ही तिघे गेलो. मुलगा मागच्या सीटवर, रायफलीला पाठ लावून. मी विचारलं, भरलेली आहे का? म्हणाला, खालच्या नळीत सहा आहेत, वरच्या नळीत नाही. घोड्यासमोर काही नाही, काळजी नको. मग रात्री तरी रिकामी करतोस का? त्यावर त्याने नुसता अंगठा दाखवला. रोज कोण भरणार आणि रोज कोण उतरवणार.

मला त्या वेळी थंडी वाजली ती हवेची नव्हती. कारण सांगतो.

आमच्या घरी वडिलांची पीक संरक्षणाची बंदूक होती. लायसनवर एसबीएमएल लिहिलेली, म्हणजे आपली एकनळी ठासणीची. कोकणातल्या बहुतेकांना माहीत आहे, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. दारू मोजून नळीत ओतायची. वर काथ्याचा बोळा. गजाने ठासायचं. मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं. शेवटी मागे निपलवर केप बसवायची. भाताला कणसं लागली की आश्विनात राखणीला मांगरात जायचं, बार भरून बसायचं. डुक्कर आलं तर आवाज काढायचा, बहुतेक वेळा तेवढंच. पण डुक्कर रोज येत नाही. मग सकाळी भरलेल्या बाराचं काय करायचं?

उडवायचा म्हटलं तर दारू फुकट, वाडीची झोपमोड, आणि मुख्य म्हणजे काळी दारू एकदा उडली की नळी गरम पाण्याने धुवून, पुसून, तेल लावून ठेवावीच लागते, नाहीतर दोन दिवसांत आतून गंजते. राखण करून रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी जनावरं, दूध, मळा. तो कुठे बंदूक धुवत बसणार? गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळे खेचून काढता येतात म्हणे, पण ते मळसूत्र आमच्या वाडीत मी कोणाकडे बघितलं नाही. त्यामुळे रीत अशी की केप काढायची आणि बंदूक भरलेलीच पडवीच्या तुळईला टांगायची. केपा तपकिरीच्या डबीत, डबी देवळीत.

"बार भरलेलो आसा रे, हात लावू नको," एवढं बाबा दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. डबी कुठे असते ते त्याला माहीत होतं, केप कशी बसते ते त्याने शंभर वेळा बघितलं होतं. बाबा मळ्यात, आई विहिरीवर. मी परसात होतो. आवाज झाला तेव्हा मला वाटलं माड पडला. धावत आलो तर पडवी धुराने भरलेली, कौलं फुटून खाली, आणि भाऊ भिंतीला टेकून बसलेला. बार वर गेला म्हणून वाचला. तोंडावर कौलाचे तुकडे लागले ते बरे झाले, उजवा कान मात्र कायमचा गेला. आज तो पन्नाशीचा आहे, फोन डाव्या कानाला धरतो.

बाबांना गावातले खूप बोलले. निष्काळजी म्हणाले. मी तेव्हाही मनात म्हणालो आणि आज लिहून म्हणतो, माझा बाप निष्काळजी नव्हता. त्याने केप काढली होती, डबी वेगळी ठेवली होती, रोज पोरांना बजावलं होतं. बंदूकच अशी होती की रिकामी करणं ही शिक्षा वाटावी. असं हत्यार भरलेलंच राहतं. आज ना उद्या कोणाच्या तरी हाताला लागतं. यात माणसाचा दोष धरून काही हाती लागत नाही.

हे सगळं मी त्या म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. जिथे अडलो तिथे मुलीने सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी सकाळी मात्र स्वतःच बोलवायला आला, कोठारात ये म्हणाला.

एक खुलासा आधीच करतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाने तिथे बंदूक हाताळायची नसते, शिकारीचं लायसन वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे मी रायफलीला हात लावला नाही. लांब उभा राहून बघितलं. फक्त ती सुटी काढलेली झडप तेवढी तळहातावर घेतली. बोटाएवढं पातं. एवढ्याशा तुकड्यासाठी माणूस रात्रभर भरलेली रायफल गाडीत ठेवतो, याचं नवल वाटत राहिलं.

त्याने केलं ते असं. आधी लिव्हर उघडून रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी बघितलं. काडतुसांचा डबा कोठाराच्या बाहेर ठेवला. उजव्या कुशीवरचा एकच स्क्रू सोडला, झडप सुटी झाली. भिंगाखाली धरली तर कडेला पत्रा कापताना राहिलेली बारीक करवत दिसत होती. इतकी वर्षं अंगठा तीच खात होती. गोल काठीला चारशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून त्याने ती कड मारली, मग सहाशे, मग हजार नंबर. अंगठा जिथे लागतो तेवढीच जागा. झडप जिथून आत जाते त्या खिडकीच्या कडेची धारही जराशी मोडली. जराशी म्हणजे नख फिरवलं तर अडू नये इतकीच. घासलेल्या जागेवरचा काळा रंग जातो आणि तिथे गंज धरतो, म्हणून परत रंगाचं औषध लावून तेल पुसलं. परत बसवली आणि दारू नसलेल्या खोट्या काडतुसांनी आठ-दहा वेळा भरून, उतरवून बघितली.

सगळं धरून दीड तास. त्यातला अर्धा तास तो हरवलेला स्क्रू शोधत होता.

बाजारात तयार, गोल कडांच्या जाड झडपाही मिळतात असं तो म्हणाला. जावयाने लगेच मोबाईलवर काढून दाखवल्या. ज्याला घासता येत नाही त्याने त्या घ्याव्यात. पण जावयाने दुसरा एक उपायही वाचून दाखवला. खालच्या नळीतली लांब स्प्रिंग दोन-तीन वेढे कापून टाकायची म्हणजे शेवटचं काडतूस सहज जातं. इथे मात्र म्हातारा आणि मी दोघेही एका आवाजात नको म्हणालो. ती स्प्रिंग काडतूस मागे ढकलते. आज कापली तर आज चालेल. दोन वर्षांनी स्प्रिंग थकली की शेवटचं काडतूस वेळेवर येणार नाही, आणि ते कळेल ते नेमकं नको तेव्हा. फवारणी पंपाच्या वॉशरसारखंच आहे हे, सैल केला की हाताला हलका लागतो आणि पाठीवर गळतो. झडपेचंही तसंच. कड गोल करायची, पातं बारीक करत बसायचं नाही. झडप नीट मिटली नाही तर कचरा आत आणि काडतूसही अडकायचं.

हत्याराला हात न लावता करायची एक युक्ती म्हाताऱ्याला ठाऊक होती, पण संधिवात झाल्यापासून तो विसरला होता. काडतूस पूर्ण आत सारायचंच नाही. बुडाची कड झडपेत अडकून राहील इतकंच ढकलायचं. म्हणजे झडप उघडीच राहते. मग दुसऱ्या काडतुसाच्या नाकाने पहिल्याला पुढे सारायचं. असं करत अंगठा झडपेच्या आत जातो तो फक्त शेवटच्या काडतुसाला. सहा चिमटे होते त्याचा एक झाला. त्या शेवटच्यालाही अंगठ्याचं टोक न वापरता पेराची बाजू वापरली तर नख वाचतं.

आता भरणं सोपं झालं, पण रिकामी करणं? माझ्या मते खरी अडचण इथे आहे आणि भरण्यावर बोलणारे इकडे लक्ष देत नाहीत. झडपेतून काडतूस आत जातं, त्याच वाटेने सहज बाहेर येत नाही. खालची नळी रिकामी करायची तर लिव्हर सहा वेळा चालवायची. म्हणजे सहा जिवंत काडतुसं एकेक करून वरच्या नळीतून फिरवायची, घोडा चढलेला, बोट चापाजवळ. थकलेल्या माणसाने रोज संध्याकाळी हे करायचं. म्हातारा ते मातीच्या बांधाकडे तोंड करून करतो, बोट चापाबाहेर ठेवून, लिव्हर पूर्ण न मिटवता. तो जाणता आहे. सगळे नसतात.

पॉइंट टू-टूच्या छोट्या लिव्हर रायफलींना पूर्वीपासून वेगळी सोय आहे. खालच्या नळीतली पितळी नळी पुढून वर ओढायची, रायफल तिरकी केली की काडतुसं ओंजळीत. भरताना हात तोंडाजवळ जातो हा तिचा दोष, पण रिकामी करायला तिच्यासारखी सोपी नाही. आत्ताच्या हेन्री कंपनीने मोठ्या रायफलींना बरीच वर्षं तीच पद्धत ठेवली होती. लोक कुशीतली झडप मागत राहिले, तेव्हा अलीकडे दोन्ही एकत्र दिल्या. भरायला कुशीतली झडप, रिकामी करायला पुढची नळी. मला विचाराल तर १८६६ नंतर या रायफलीत शेतकऱ्याच्या दृष्टीने झालेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. गोळी किती लांब जाते ते सोडा हो. डुक्कर पन्नास पावलांवर असतं. संध्याकाळी घरात शिरताना बंदूक एका मिनिटात रिकामी होते का, हे आधी बघा.

यावर उलट बोलणारेही आहेत. जावई म्हणाला, बाबा, सवय झाली की अंगठा घट्ट होतो. होतो ना. विळ्याने हातही घट्ट होतात. पण घट्ट झालेला हात जनावराच्या थानाला लागतो तेव्हा गाय लाथ मारते. हत्याराची कड गोल करायला दीड तास लागतो, माणसाची कातडी जाड व्हायला दहा वर्षं. कुठलं आधी करायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या गावचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, बंदूक भरायला सोपी झाली की माणूस उतावीळ होतो. त्यांचं अगदीच खोटं नाही. ठासणीच्या बंदुकीत एकच बार, परत भरायला दोन-तीन मिनिटं, त्यामुळे माणूस नीट बघून, शेजाऱ्याची म्हैस नाही ना याची खात्री करून मग चाप ओढतो. हे मी मान्य करतो. पण तीच अडचण सकाळी उलटते, बार नळीतच राहतो. रात्री मिळालेली सावधगिरी दिवसा पोरांच्या वाट्याला धोका म्हणून येते.

आपल्याकडे लिव्हरची रायफल शेतकऱ्याच्या लायसनवर दिसत नाही. मग हे पुराण इथे कशाला? तर ठासणीच्या बंदुकीला कड घासण्यासारखा सोपा उपाय नाही, म्हणून. तिची भरण्याची रीतच अडचणीची आहे. तिला उपाय म्हणजे मागून भरायची, मध्ये मोडायची बारा बोअरची एकनळी. काडतूस घातलं, डुक्कर आलं नाही, काडतूस काढून खिशात टाकलं. बंदूक रिकामी आणि धुवायचंही काम नाही. तिलाही भरायच्या तक्रारी आहेतच. बिजागरी कोरडी पडली की मोडताना म्हाताऱ्या मनगटाला जोर लागतो, थेंबभर तेल पुरतं. कागदी काडतूस पावसात फुगून नळीत अडकतं आणि मग लोक चाकूने उचकटतात. तसं करू नका, प्लास्टिकची वापरा आणि मांगरात डब्यात भाजलेला तांदूळ घालून ठेवा, ओल धरत नाहीत.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. त्या काळी ते बरोबरच असेल, स्वस्त आणि गावात दुरुस्त होणारं हत्यार. पण त्याच कलमात वीस इंचांहून आखूड नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही उल्लेख संरक्षणासाठी आहे. म्हणजे शेतकऱ्याने ठासणीतच राहावं असं कायदा म्हणत नाही. आपणच बापजाद्यांची बंदूक म्हणून तिला धरून बसतो. लायसन वारसाने नावावर येतं, बंदूकही तीच येते, आणि भरून टांगायची रीतही तीच.

माझी मागणी मोठी नाही. निवडणूक आली की आपण सगळे बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतो, नूतनीकरणाला कागद घेऊन जातो. त्याच दिवशी अर्धा तास कोणी जाणत्याने बंदूक रिकामी कशी करायची ते दाखवावं. बोळे काढायचं मळसूत्र प्रत्येक ठासणीच्या बंदुकीबरोबर असावं. ज्याला मागून भरायची हवी त्याचा अर्ज लवकर निकाली निघावा. आणि कृषी सहायक मंडळींना सांगणं, झटका मशीन, सौर कुंपण, कुंपणाला बांधलेल्या साड्या हे सगळं तुम्ही शिबिरात सांगता ते ठीकच. त्यात एक प्रश्न घाला. घरात बंदूक आहे का, आणि आत्ता ती भरलेली आहे का? हात किती वर होतात ते बघा. मी आमच्या वाडीत सहज चहावर विचारलं, सात जणांपैकी चौघे खाली बघायला लागले.

म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. मी निघेपर्यंत तीन आठवडे होते. तेवढ्यात तो रोज संध्याकाळी रायफल रिकामी करून काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायचा. चिकटपट्टी गेली होती. परवा मुलीला फोनवर विचारलं. म्हणाली, बाबा, बहुतेक वेळा करतो. ज्या दिवशी गाय विते त्या दिवशी विसरतो. नातू आता मागच्या सीटवर नसतो, पुढे बसतो.

माझी बंदूक बाबांचीच, आता माझ्या नावावर. दोन वर्षं भरलेली नाही. राखणीला मी पत्र्याचा डबा आणि विजेरी घेऊन जातो, आणि खरं सांगायचं तर डुकरं दोन्हींना भीत नाहीत, यंदा खालच्या तीन कुणग्यांतलं भात पार गेलं. बदलून बारा बोअरची मिळावी म्हणून अर्ज केला आहे, भावाने सोबत येऊन सही केली. टेबलामागच्या कारकुनाने त्याला काहीतरी विचारलं ते त्याला ऐकू गेलं नाही, मी परत सांगितलं. अर्जाचं उत्तर आलं की इथे नोंद टाकतो. कोणी असा बदल करून घेतला असेल तर कागद काय काय लागले ते कळवा.